तुम्ही विचारलंत म्हणून: स्लाऊला इतिहास आहे का?

विंडसरचा किल्ला पाहायला येणारे आमचे बहुतेक पाहुणे मुक्कामाला आमच्याकडे, म्हणजे लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊला असतात. हिथ्रो विमानतळ जवळ आहे, विंडसरला जाणारी छोटी रेल्वेगाडी काही मिनिटांत पोहोचवते आणि संध्याकाळी घरी वरणभात मिळतो, त्यामुळे ही सोय आता सर्वांना ठाऊक झाली आहे. किल्ल्यातली नऊशे वर्षे पाहून परतल्यावर त्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "विंडसरचं ठीक आहे हो, पण तुमच्या या गावाला काही इतिहास आहे का?" या प्रश्नात खोच नसते. स्थानकाबाहेर पडल्यावर दिसतात त्या चौकोनी कार्यालयांच्या इमारती, रिकामी दुकाने आणि नव्या सदनिकांच्या जाहिराती. त्या पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने गेल्या शंभर वर्षांचा आहे. पण तो इमारतींत शोधू नये. येथे कामासाठी कोण आले आणि त्यांच्या येण्याने त्यांच्या आधी आलेल्यांपैकी कोण नाराज झाले, हा या गावाचा खरा इतिहास आहे.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. शेजारचे ईटन कॉलेज, म्हणजे मुलांची ती प्रसिद्ध निवासी शाळा, पंधराव्या शतकात उभे राहिले तेव्हा त्याच्या विटा स्लाऊमधून गेल्या होत्या. त्याच ईटनने एकोणिसाव्या शतकात, विद्यार्थी बिघडतील या भीतीने, येथे रेल्वेचे स्थानक होऊ नये असे कलमच कायद्यात घालून घेतले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८३८ मध्ये त्यावर नामी तोड काढली: स्थानक न बांधता गाड्या नुसत्या थांबवायच्या आणि तिकिटे जवळच्या मद्यगृहात विकायची. ईटन न्यायालयात गेले आणि हरले. १८४० मध्ये रीतसर स्थानक झाले आणि १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपला पहिला रेल्वेप्रवास केला तो स्लाऊ ते लंडनमधील पॅडिंग्टन स्थानक असा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल १७८६ पासून मृत्यूपर्यंत येथे राहिले, चाळीस फुटी दुर्बीण त्यांनी येथेच उभारली आणि त्यांची बहीण कॅरोलाइन हिने आपला पहिला धूमकेतू येथूनच पाहिला. ते घर १९६० च्या दशकात पाडून टाकण्यात आले. पुढे जवळच्या एका बाजारसंकुलाला 'ऑब्झर्व्हेटरी', म्हणजे वेधशाळा, असे नाव देण्यात आले, यावरून या गावाची स्वतःच्या वारशाविषयीची वृत्ती लक्षात यावी.

आजच्या स्लाऊचा जन्म मात्र एका सरकारी घोटाळ्यातून झाला, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही. पहिले महायुद्ध संपत आले असताना, १९१८ मध्ये, युद्ध खात्याने गावाच्या पश्चिमेची सुमारे ६०० एकर शेतजमीन लष्करी मोटारींच्या दुरुस्तीसाठी ताब्यात घेतली. कारखाना पूर्ण होण्याआधी युद्धच संपले, तरी बांधकाम चालू राहिले; संसदेत ओरड झाली आणि मोडक्या ट्रकांनी भरलेल्या त्या आवाराला लोक 'द डंप', म्हणजे सरळ उकिरडा, म्हणू लागले. अखेर १९२० मध्ये सरकारने जमीन, इमारती आणि हजारो जुनी वाहने ७० लाख पौंडांहून अधिक किमतीला एका खासगी गटाला विकली. या गटात ब्रिटनमधील फोर्ड कंपनीची धुरा आधी सांभाळलेले पर्सिव्हल पेरी होते. वाहने दुरुस्त करून विकण्याचा धंदा काही वर्षांत आटोपला आणि रिकाम्या शेड शिल्लक राहिल्या. तेव्हा त्या शेड, त्यांच्याबरोबर रस्ते, रेल्वेचे फाटे आणि स्वतःच्या वीजकेंद्रातली वीज, असे सगळे भाड्याने देण्याची कल्पना पुढे आली. १९२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही करून घेण्यात आला. महाराष्ट्रातील वाचकांना एमआयडीसीची रचना परिचित आहे. येथे तोच प्रकार होता, फरक इतकाच की मालक सरकार नसून भाडे घेणारी कंपनी होती, आणि ती कंपनी नाव बदलून आजही तेथे मालक आहे.

भाड्याची तयार शेड मिळत असल्यामुळे थोड्या भांडवलात कारखाना सुरू करणे शक्य झाले. सित्रोएन मोटारी येथे जुळवल्या जाऊ लागल्या. १९३२ मध्ये फॉरेस्ट मार्स नावाचा अमेरिकन तरुण वडिलांशी न पटल्यामुळे येथे आला आणि मोजक्या कामगारांनिशी त्याने चॉकलेटची वडी तयार करायला घेतली. मार्स बार ती हीच. देशभर मंदी असताना स्लाऊमध्ये काम मिळत होते, त्यामुळे साउथ वेल्समधील बंद खाणींचे कामगार, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील बेकार तरुण थवेच्या थवे येथे उतरले. त्यांच्याविषयी जुने रहिवासी जे बोलत असत ते आज वाचताना ओळखीचे वाटते: हे लोक कमी पगारात राबतात, एका घरात दाटीवाटीने राहतात, यांची बोली कळत नाही. बोलणारे इंग्रज होते आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते तेही याच बेटावरचे गोरे ख्रिस्ती लोक होते, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो.

येथे एक विषयांतर करतो, कारण मराठी पाहुण्यांना हीच माहिती सर्वांत जास्त आवडते. स्थानकाच्या जवळ उभी असलेली लाल विटांची, मनोऱ्याची इमारत हॉर्लिक्सच्या कारखान्याची आहे. इंग्लंडमधील दोघा हॉर्लिक बंधूंनी अमेरिकेत जाऊन माल्ट आणि दुधाची ही पूड तयार केली आणि त्यांपैकी जेम्स यांनी परत येऊन १९०८ च्या सुमारास स्लाऊला कारखाना काढला. येथल्या इंग्रजांच्या दृष्टीने ते झोपण्यापूर्वी घेण्याचे म्हाताऱ्यांचे पेय होते. आपल्याकडे ते उंची वाढवणारे, परीक्षेच्या दिवसांतले पेय झाले. येथला कारखाना २०१८ मध्ये बंद पडला आणि त्या आवारात आता सदनिका झाल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या नगरपालिकेने बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेल्या आणि कोंदट वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी ब्रिटवेल आणि लँगली येथे मोठ्या वसाहती बांधल्या. मायदेशी परतू न शकलेले पोलिश सैनिक आले. कॅरिबियनमधील अँग्विला या चिमुकल्या बेटावरून इतके लोक आले की त्या बेटाबाहेरची त्यांची मोठी वस्ती स्लाऊमध्ये झाली. त्याच सुमारास पंजाबातले शीख आणि पाकिस्तानी काश्मीरमधले मुसलमान कारखान्यांच्या रात्रपाळ्यांवर रुजू झाले. आता कुरकुर करणाऱ्यांत वेल्समधून आलेल्यांची मुलेही होती, असे मानायला जागा आहे.

या काळात, म्हणजे १९५० पासून, ईटन आणि स्लाऊ या संयुक्त मतदारसंघाचे खासदार होते फेनर ब्रॉकवे. त्यांचा जन्म १८८८ मध्ये कोलकात्यात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला होता. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३० मध्ये, गांधीजी तुरुंगात असताना, भारताच्या प्रश्नावर चर्चा झालीच पाहिजे असा हट्ट धरल्यामुळे संसदेने त्यांना निलंबित केले. स्लाऊचे खासदार असताना त्यांनी वर्णभेद बेकायदा ठरवणारे विधेयक नऊ वेळा मांडले आणि प्रत्येक वेळी ते अडले. १९६२ मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, त्यालाही त्यांनी विरोध केला. १९६४ च्या निवडणुकीत त्यांचा मजूर पक्ष तेरा वर्षांनी सत्तेवर आला, पण ब्रॉकवे स्वतः पडले, तेही केवळ ११ मतांनी. प्रचारात स्थलांतराचा मुद्दा तापवला गेला होता. वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, मंजूर झाला, तेव्हा ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले ते गृहस्थ स्लाऊचे प्रतिनिधी उरले नव्हते. किल्ला पाहून आलेल्या पाहुण्याला एकच गोष्ट सांगायला वेळ असेल, तर मी ही सांगतो.

त्याच गावाने १९८४ मध्ये लिडिया सिमन्स यांना महापौर केले. ब्रिटनमधील त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर. २०१७ मध्ये स्लाऊतच जन्मलेले तनमनजीतसिंग धेसी निवडून आले आणि संसदेत पगडी बांधून बसणारे पहिले खासदार ठरले. म्हणजे गाव सुधारले, असा निष्कर्ष मी काढत नाही. २००४ नंतर पूर्व युरोपातून पुन्हा पोलिश लोक आले तेव्हा घरांची टंचाई इतकी वाढली की लोक परसातल्या शेडमध्ये भाडेकरू ठेवू लागले, आणि २०१३ मध्ये अशा शेड शोधण्यासाठी नगरपालिकेने उष्णतेचे चित्रण करणारे विमान गावावरून फिरवले. त्या शेडविषयी सर्वाधिक संतापाने बोलणारे माझे एक शेजारी पंजाबातून आलेल्या गिरणी कामगाराचे चिरंजीव होते.

नगरपालिकेविषयी फार सांगण्यासारखे नाही: जुलै २०२१ मध्ये खर्च भागवणे अशक्य झाल्याची कायदेशीर नोटीस तिला काढावी लागली, सरकारने आयुक्त नेमले आणि मालमत्ता विक्रीला निघाल्या.

आता आमचे, म्हणजे मराठी लोकांचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणक क्षेत्रातली जी मंडळी पुण्याहून, मुंबईहून आली, ती कारखान्यांत कधीच गेली नाहीत. तिच्यापैकी बहुतेक जण सकाळी स्थानकावर उभे असतात, आणि २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून तर लंडनच्या मध्यात पोहोचणे फारच सोपे झाले आहे. त्याच वेळी जुन्या 'उकिरड्या'च्या जागी, जेथे शेड होत्या तेथे, डेटा सेंटरच्या, म्हणजे माहिती साठवणारे संगणक ठेवण्याच्या, बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. युरोपातल्या मोठ्या केंद्रांत आज स्लाऊची गणना होते. ठरावीक चौकटीत बसणाऱ्या इमारतीसाठी वेगळी परवानगी लागत नाही, अशी व्यवस्था त्या आवारात १९९५ पासून आहे, आणि कारखान्यांसाठी उभारलेल्या विजेच्या सोयीचा वारसाही आयता मिळाला. एका गोष्टीचा हिशेब मात्र बदलला. मार्सच्या एका कारखान्याला शेकडो माणसे लागत. या इमारतींना वीज आणि पाणी भरपूर लागते, माणसे मोजकीच. त्या आवारात नवी इमारत उभी राहिली की पाठोपाठ कुठल्यातरी दूरच्या खेड्यातून माणसे यायची, हे शंभर वर्षांत प्रथमच थांबले आहे. आता येणारे येतात ते येथे राहून दुसरीकडे काम करायला.