बिबट्या, १ नग, किंमत शून्य

अण्णा गेले त्याला आता दहा महिने होतील. बँक, एलआयसी, पेन्शन, गॅसचं कनेक्शन हे सगळं दोनतीन महिन्यांत मार्गी लागलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी लिहितेय ते घरातल्या सामानाबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्यातल्याही एकाच वस्तूबद्दल, कारण तिच्यापायी मी ज्या खेपा घातल्यात त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही तीन भावंडं. दादा गावाकडच्या घरातच राहतो, मी पुण्यात, धाकटी अमेरिकेत. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे तिघांना सारखा वाटा, इथपर्यंत वाद नाही. पण सारखा वाटा म्हणजे किती हे कळायला आधी किंमत लावायला नको का? दादाचं म्हणणं "आपापसात काय किंमत लावायची, ज्याला जे पाहिजे ते न्या." असं म्हणणारा माणूस नेहमी घरात राहणाराच असतो हे लक्षात ठेवा. मी एक्सेल शीट केली. नग, वजन, फोटो, कोणाला हवंय, किंमत. दादा हसला, पण पुढे भांडण न होण्याचं श्रेय त्या शीटला आहे आणि ते मी घेणार.

सरकारला द्यायला किंमत लागत नाही, आपल्याकडचा वारसा कर १९८५ लाच गेला. पण पुढे दागिने विकायचे झाले तर कॅपिटल गेन निघतो (विकून झालेला नफा, त्यावर कर), आणि जुन्या दागिन्यांना १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत धरता येते, त्यामुळे व्हॅल्युअरकडून आजची आणि २००१ ची अशा दोन्ही किमती लिहून घ्या. आयकर खात्याकडे नोंदणी असलेला व्हॅल्युअर पाहिजे, गल्लीतल्या सोनाराची चिठ्ठी नको. जो विकत घेणार तोच किंमत सांगणार हे कसं चालेल? कपाटं, भांडी, फ्रिज असल्या घरगुती वापराच्या वस्तू विकल्या तर ही भानगड नाही, पण दागिने आणि जुनी चित्रं, मूर्ती वगैरे त्यात येतात.

सोन्याचं पटकन झालं. पुतळ्यांची माळ आणि पाटल्या मशीनवर तपासल्या. गोठ हातात घेतले की भारी वाटायचे, आत लाख भरलेली निघाली, ती वजा केल्यावर आमच्या तिघांचे चेहरे उतरले. नथीतले मोती बसराचे आहेत असं आजी सांगायची, व्हॅल्युअर म्हणाला नैसर्गिक की कल्चर्ड हे डोळ्यांनी सांगता येत नाही, लॅबमध्ये एक्सरे काढतात, तोपर्यंत मी नुसती नथ लिहितो.

रुपयांचं मात्र सांगते कारण तिथे मी स्वतः पैसे वाचवले. आजीच्या बोर्नव्हिटाच्या डब्यात चांदीचे ६२ रुपये होते. सोनाराने सगळे एकदम काट्यावर टाकले आणि एकच भाव सांगितला. मी ते घरी आणले आणि खिडकीत बसून साल बघून वेगळे केले. वजन सगळ्यांचं एकच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा (जुना तोळा तोच, आता सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात ते वेगळं). पण १९४० च्या आधीच्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के, आणि १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच. म्हणजे एकात साधारण १०.७ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्यात ५.८. आमच्यात ४१ पहिल्या जातीचे आणि २१ दुसऱ्या. सरसकट भाव लावला असता तर? १९३९ चा रुपया दुर्मीळ असतो म्हणून भिंग लावून पाहिलं, नव्हता. आणि हो, चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत. माझ्या वहिनीने पाच घासले, ते गेले.

आता बिबट्या.

माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत बिबट्याचं कातडं होतं, मुंडक्यासकट, काचेचे डोळे, एक कान कसरीने खाल्लेला. पणजोबांच्या वेळचं. लहानपणी आम्ही त्यावर बसून फोटो काढलेत. सोबत सांबराच्या शिंगांची एक जोडी. माझ्या शीटमध्ये ओळ होती, "बिबट्या, १ नग", आणि किमतीचा रकाना रिकामा. दादाला कोणीतरी सांगितलं होतं की असल्या कातड्याला लाखांत पैसे मिळतात, म्हणून त्याचं म्हणणं पडलं की जो घेईल त्याच्या वाट्यात तेवढे धरा.

व्हॅल्युअर आला त्या दिवशी आम्ही ट्रंक उघडली. तोवर तो माणूस प्रत्येक वस्तूचा फोटो काढत होता. कातडं बघितल्यावर त्याने फोन खिशात ठेवला. म्हणाला, "मॅडम, याचा मी फोटोसुद्धा काढत नाही. सर्टिफिकेट आहे का?" कसलं सर्टिफिकेट? मग त्याने सांगितलं आणि नंतर वकिलांनी पण तेच सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. असली वस्तू विकणं गुन्हा आहे, म्हणून तिला बाजारभावच नाही, किंमत शून्य. घरात ठेवायची तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वारसाने आलेली असेल तर वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. त्या दिवशी अण्णांना जाऊन ६८ दिवस झाले होते.

दादा म्हणाला गुपचूप विहिरीत टाकू. धाकटी व्हिडिओ कॉलवर रडायला लागली. मी बॅग भरली.

पहिली खेप वनखात्याच्या तालुक्याच्या ऑफिसात. साहेब फिल्डवर. दुसऱ्या दिवशी परत, साहेब म्हणाले हे आमच्याकडे नाही, विभागाच्या ऑफिसला जा. विभागाच्या ऑफिसात टेबलावरच्या बाईंनी अर्ज उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "वारस दाखला?" मी तलाठ्याकडच्या वारस नोंदीची झेरॉक्स दिली. नाही चालणार, कोर्टाचा पाहिजे. कोर्टाच्या दाखल्याचा अर्ज आम्ही टाकलेला होता, पण त्यात जाहिरात, हरकतीची मुदत, तारीख, जुलैच्या आत काही होत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, मला ९० दिवसांत द्यायचंय, दाखला नव्वदमध्ये येत नाही, मग मी काय करू?" त्या म्हणाल्या, "दाखला आला की या." मी म्हटलं, तोपर्यंत मुदत जाईल. त्या म्हणाल्या, "हो ना."

हे "हो ना" माझ्या कानात अजून आहे.

मग म्हटलं आम्हाला ठेवायचंच नाही, सरकारजमा करून घ्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तशी सोय आहे, मोबदला मिळत नाही, आम्हाला नकोच होता. त्यावर उत्तर, जमा करायलासुद्धा आधी मालकीचं प्रमाणपत्र पाहिजे, ते रद्द करून वस्तू घेतात. म्हणजे जे माझ्याकडे नाही ते रद्द करण्यासाठी आधी मिळवायचं. मी ऑफिसच्या बाहेरच्या टपरीवर बसून दोन चहा प्यायले.

पुढच्या तीन खेपांत मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एकाने सांगितलं बहिणीची नोटराइज्ड संमती आणा (ती न्यू जर्सीत, तिला त्यासाठी कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट). दुसऱ्याने सांगितलं संमतीची गरजच नाही, कातडं ऑफिसात घेऊन या. हे मात्र अजिबात करू नका! कागद नसताना असली वस्तू गाडीत घालून हिंडायचं नाही, वकिलांनी मला फोनवर ओरडून सांगितलं. तिसऱ्याने विचारलं, वडिलांच्या नावाचं जुनं काही आहे का, २००३ चं?

हा तिसरा माणूस म्हणजे देव. शिपाई होता बहुतेक. २००३ च्या एप्रिलमध्ये सरकारने १८० दिवसांची मुदत दिली होती, ज्यांच्याकडे जुन्या वस्तू नोंद न केलेल्या पडल्यात त्यांनी जाहीर करा म्हणून. अण्णा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, असली मुदत सोडणारा माणूस नव्हे. आम्ही दोन दिवस कागद उपसले. सापडलं कुठे तर एलआयसीच्या फाइलमध्ये, बंद पडलेल्या पॉलिसीच्या मागे. अण्णांच्या अक्षरातला अर्ज, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, "बिबट्याचे कातडे मुंडक्यासह एक, सांबरशिंगे एक जोडी, वडिलोपार्जित", आणि खाली निळा शिक्का, आवक क्रमांक, तारीख. प्रमाणपत्र कधी आलंच नव्हतं. बावीसेक वर्षं माणूस वाट बघत बसला असेल का विसरला असेल, माहीत नाही. आम्हाला कधी बोलले नाहीत.

ती पोच घेऊन गेले तर बाईंचा सूर बदलला, पण आता जुना रेकॉर्ड शोधावा लागेल, आणि रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. ८१ वा दिवस. वकील म्हणाले, मॅडम, तुम्ही परवानगी मागताय, तुम्हाला फक्त कळवायचंय. जे कागद आहेत ते लावा, जे नाहीत त्याबद्दल "अर्ज प्रलंबित, मिळताच सादर करू" असं लिहा आणि द्या. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझी निम्मी चिडचिड वाचली असती, म्हणून तुम्हाला आत्ता सांगते. कागद अपुरे म्हणून थांबू नका, मुदतीत द्या. ८३ व्या दिवशी मी दोन प्रती केल्या, एक विभागाच्या आवक टेबलवर, एक स्पीड पोस्टाने नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस तिथेच आहे. आवकवाले शिक्का द्यायला तयार नव्हते, "साहेबांनी बघितल्यावर". मी टेबलासमोरून हलले नाही. पाऊण तासाने शिक्का मिळाला. त्या शिक्क्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, दादाने अंगठा दिला.

राहिलेलं सांगते. तांब्याचा बंब आणि घंगाळं मोडीत घालू नका, वजनावर जातात. कासं, तांबं, पितळ वेगवेगळं करून तरी न्या. रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र धाकटीला ओरिजिनल वाटत होतं, भिंग लावलं तर छपाईचे ठिपके दिसले, पण वर जर-टिकल्या चिकटवलेल्या असल्याने थोडी किंमत आली. ती देवघरातला जुना पितळी बाळकृष्ण न्यायचा म्हणत होती, पण शंभर वर्षांच्या वरची मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तो शंभरच्या आतला आहे हे सिद्ध कोण करणार? राहिला इथेच. टाकांची किंमत आम्ही लावली नाही, व्हॅल्युअरनेही विचारलं नाही.

जूनमध्ये वनपाल आणि दोन गार्ड घरी आले. अंगणात चटईवर कातडं पसरलं, टेपने नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं, शिंगं मोजली, फोटो काढले, पंचनामा लिहिला. शेजारचे सगळे गच्चीवर. वनपाल चांगला माणूस होता, त्याने खाल्लेला कान बघून विचारलं, हे ठेवणार कोण? आम्ही एकमेकांकडे बघितलं. लाखांत किंमत धरा म्हणणारा दादा म्हणाला, माझं नाव लिहा, मी इथेच असतो, पण वाट्यात धरायचं नाही.

कोर्टाचा दाखला ऑगस्टमध्ये आला, तो पण नेऊन दिला, शिक्का घेतला. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. शीटमध्ये त्या ओळीसमोर मी शून्य टाकलंय. गेल्या आठवड्यात दादाने ट्रंकेत नवीन डांबराच्या गोळ्या घातल्या आणि ग्रुपवर बिल टाकलं, १४० रुपये, भागिले तीन. मी जीपे केले, ४६ रुपये ६७ पैसे.