कार्डांची झडती: छापील वेग आणि टिकणारा वेग

गेल्या नोंदीनंतर व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांच्या पेटीत बरीच उलथापालथ झाली आहे. जुनी, संथ यूएचएस-१ जोडणीची एसडी कार्डं मुख्य कॅमेऱ्यातून कायमची बाहेर काढली. ती आता आवाजाच्या रेकॉर्डरमध्ये आणि स्थिरचित्रांसाठी सुखाने नांदताहेत. सेकंदाला ४०० मेगाबिटच्या ऑल-इंट्रा रेकॉर्डिंगसाठी (यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जाते) व्ही ६० आणि व्ही ९० (वेगाचे वर्ग, पुढे सांगतो) अशी दोन्ही प्रकारची कार्डं तपासून झाली. सीएफएक्सप्रेस टाइप ए या एसडीहून वेगवान प्रकारच्या कार्डाची तपासणी अजून अर्ध्यावर आहे. घाईत असलेल्यांसाठी निष्कर्ष आधीच सांगतो: कार्डाच्या तोंडावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा मी आता वाचतच नाही.

कारण तो आकडा बहुतेक वेळा रीडचा, म्हणजे वाचण्याचा असतो, फुटेज संगणकावर उतरवताना (डंप करताना) उपयोगी पडणारा. रेकॉर्डिंगला लागतो तो राइटचा, म्हणजे लिहिण्याचा वेग, आणि तोही कमाल किंवा सरासरी नव्हे, तर किमान. सर्वांत वाईट क्षणी कार्ड किती घेईल, एवढाच प्रश्न कॅमेऱ्याला पडलेला असतो. १७० किंवा २०० मेगाबाइट छापलेली यूएचएस-१ कार्डं तुम्ही पाहिली असतील. यूएचएस-१ बसची, म्हणजे डेटा वाहणाऱ्या मार्गाची, स्वतःची मर्यादा आहे सेकंदाला १०४ मेगाबाइट. त्यावरचा वेग त्या त्या कंपनीच्या खास पद्धतीने मिळतो आणि त्यासाठी ती पद्धत ओळखणारा रीडर लागतो. आकडा खोटा नाही, पण तो आपल्या कामाचा नाही.

आपल्या कामाचं चिन्ह म्हणजे व्हिडिओ स्पीड क्लास. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० यांतला आकडा म्हणजे सेकंदाला किमान किती मेगाबाइट सलग लिहिले जातील याची हमी. एसडी कार्डांचं मानक ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनने ही वर्गवारी २०१६ मध्ये आणली. त्याआधीचं यू ३ हे चिन्हसुद्धा ३० मेगाबाइटचंच, त्यामुळे यू ३ आणि व्ही ३० दोन्ही छापलेलं पाहून जास्त काही पदरात पडलं असं समजू नका.

आता हिशेब. कॅमेऱ्याचा मेनू मेगाबिटमध्ये बोलतो आणि कार्ड मेगाबाइटमध्ये, म्हणून बिटरेटला, म्हणजे सेकंदाला लागणाऱ्या मेगाबिटला, ८ ने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, तिथे व्ही ३० सहज पुरतं. ४०० म्हणजे ५०, तिथे व्ही ६० हवं. पॅनासॉनिकच्या जीएच ५ ला २०१७ च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेने) ४०० मेगाबिटचं ऑल-इंट्रा मिळालं, तेव्हा बऱ्याच हौशी लोकांना व्ही ६० म्हणजे काय हे पहिल्यांदा कळलं. ६०० म्हणजे ७५, तिथे व्ही ९०. आणि कॅननच्या ईओएस आर ५ मधलं ८के रॉ (सेन्सरचा जवळपास कच्चा डेटा) घ्या: सुमारे २६०० मेगाबिट, म्हणजे ३२५ मेगाबाइट. यूएचएस-१ च्या पुढच्या यूएचएस-२ बसची मर्यादाच ३१२ आहे, त्यामुळे तिथे कितीही उत्तम एसडी कार्ड आणलं तरी गाडी पुढे सरकत नाही. ते रेकॉर्डिंग सीएफएक्सप्रेसच्या स्लॉटातच होतं.

हे सगळं कागदावरचं. या टप्प्यात माझा खरा वेळ गेला तो कार्डाच्या पोटात काय चालतं ते बघण्यात.

आजची बहुतेक कार्डं टीएलसी मेमरीची असतात, म्हणजे एका सेलमध्ये (साठवणीच्या सूक्ष्म कप्प्यात) ३ बिट. तीन बिट बसवायला व्होल्टेजच्या आठ पातळ्या अचूक साधाव्या लागतात आणि ते हळू होतं. म्हणून अनेक कार्डांचा कंट्रोलर (आतली नियंत्रण करणारी चिप) काही सेल तात्पुरते एका बिटासाठी वापरतो, आलेला डेटा तिथे पटापट उतरवतो आणि सवड मिळेल तशी मागच्या मागे नीट मांडामांड करतो. ओसरीवर पोती उतरवायला वेळ लागत नाही, कोठारात रचायला लागतो. थोडक्यात आटपणाऱ्या वेग-चाचण्या फक्त ओसरी मोजतात. सलग लांब क्लिप घेतली की ओसरी भरते आणि मग कार्डाचा खरा स्वभाव दिसतो.

म्हणून माझी पहिली चाचणी म्हणजे कार्ड काठोकाठ भरणं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३, दोन्ही फुकट आहेत. ठरलेला डेटा पूर्ण क्षमतेइतका लिहून तोच परत वाचून पडताळायचा. यात एका दगडात दोन पक्षी मरतात. सलग लिहिताना वेग कुठे घसरतो ते कळतं आणि बनावट कार्डही पकडलं जातं. बनावट कार्डाचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो. मर्यादा ओलांडल्यावर नवा डेटा कुठेच जात नाही किंवा जुन्याच्या डोक्यावर बसतो, आणि कॅमेऱ्याला याचा पत्ता नसतो. फाइलची नावं दिसतात, आकार दिसतो, आत काही नसतं. अधिकृत विक्रेत्याकडचं कार्ड असलं तरी ही चाचणी मी सोडत नाही.

एका व्ही ६० कार्डाचा आलेख बोलका निघाला. सुरुवातीला वेग वर्गाच्या दुपटीहून जास्त, मग पायरी उतरल्यासारखा धपकन खाली, आणि तिथून शेवटपर्यंत सपाट, ६० च्या रेषेच्या जरा वर. मला हे कार्ड आवडलं. उतरलं, पण जिथे थांबायचं वचन दिलं होतं तिथे थांबलं. याउलट सरासरीत त्याच्यापेक्षा वेगवान असलेलं दुसरं कार्ड मधूनच क्षणभर गचके खात होतं. कॅमेऱ्याचा बफर (तात्पुरती साठवण) असे गचके काही वेळ गिळतो, पण एकामागोमाग दोन-तीन आले की पडद्यावर वेग अपुरा असल्याचा इशारा येऊन रेकॉर्डिंग बंद. विश्वासार्ह कार्डाची माझी ओळख आता हीच: आलेख कंटाळवाणा असावा.

दुसरी चाचणी कॅमेऱ्यातच. सर्वांत जड कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) लावायचा आणि कार्ड भरेपर्यंत सोडून द्यायचं. लेन्सवर झाकण ठेवून ही चाचणी करणारे भेटतात. बिटरेट दृश्यानुसार बदलत असेल तर काळ्या चित्रात एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून साठवणाऱ्या भागाला, फारसं काही लिहायचंच नसतं, त्यामुळे ती चाचणी फसवी ठरते. वाऱ्याने हलणारी पानं किंवा चढवलेल्या आयएसओचा (प्रकाश-संवेदनशीलतेचा) रवाळ गोंधळ दाखवा, मग एन्कोडरला घाम फुटतो.

फॉरमॅटबद्दल थोडं सविस्तर, कारण वर्गाची हमी बिनशर्त नसते हे फार कमी जणांना माहीत असतं. कॅमेरा मोकळ्या, सलग पट्ट्यांत लिहितो आहे असं गृहीत धरून ती दिलेली असते. कॅमेऱ्यात बसून एकेक नको असलेली क्लिप पुसत राहिलं की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि व्ही ९० कार्डसुद्धा अडखळू शकतं. म्हणून शूटच्या मधे क्लिप पुसायच्या नाहीत. फुटेजच्या दोन प्रती झाल्या की पूर्ण कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, संगणकावर नाही. काही कॅमेऱ्यांत लो-लेव्हल (कार्ड मुळापासून पुसणाऱ्या) फॉरमॅटचा पर्याय असतो. वेग मंदावल्यासारखा वाटला तर अधूनमधून तोही वापरावा. संगणकावरच करायची वेळ आली तर एसडी असोसिएशनचंच फॉरमॅटर घ्या. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फॅट३२ ही फाइलींच्या मांडणीची पद्धत असते, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात. त्यावरच्या एसडीएक्ससीला एक्सफॅट असतं, तिथे ही अडचण उरत नाही. मात्र त्यात जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नसतं, त्यामुळे लिहिणं चालू असताना कार्ड उपटलं तर नोंदी अर्धवट राहतात.

यावरून एक गोष्ट. ‘कार्ड करप्ट झालं’ अशा तक्रारींत बिचाऱ्या कार्डाचा दोष नसणं ही नेहमीची बाब आहे. एमपी४ आणि एमओव्ही फाइलमधली सूची सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. बॅटरी त्याआधी गेली तर चित्राचा डेटा कार्डावर जागच्या जागी असतो, पण फाइल उघडत नाही. अशा वेळी त्या कार्डावर काहीही नवं लिहू नका. आधी पूर्ण कार्डाची प्रतिमा (बिट-न्-बिट प्रत) काढा आणि मग दुरुस्तीची साधनं त्या प्रतिमेवर चालवा.

सीएफएक्सप्रेसची गोष्ट वेगळी आहे. ही कार्डं पीसीआयई या संगणकातल्या वेगवान जोडणीवर चालतात. टाइप ए ला एक लेन (डेटाची वाट), टाइप बी ला दोन. २.० आवृत्तीत सैद्धांतिक कमाल अनुक्रमे सेकंदाला सुमारे १००० आणि २००० मेगाबाइट. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ४.० ने ती दुप्पट केली, पण कॅमेरा जुना असेल तर नवं कार्ड त्याच्या जुन्याच चालीने चालतं आणि फायदा मिळतो तो डंप करताना, तोही रीडर नवा असला तर. इथे शोधायचं चिन्ह म्हणजे व्हीपीजी (व्हिडिओ परफॉर्मन्स गॅरंटी): व्हीपीजी २०० किंवा व्हीपीजी ४००, म्हणजे तितक्या मेगाबाइटच्या सलग लेखनाची हमी. कमाल १७०० छापलेलं पण व्हीपीजीचा किंवा सलग वेगाचा उल्लेखच नसलेलं टाइप बी कार्ड मी हातात घेणार नाही. दुसरा मुद्दा उष्णतेचा. ही कार्डं तापतात आणि फार तापली की कंट्रोलर स्वतःहून वेग कमी करतो. त्यामुळे थंड खोलीतल्या चाचणीवर यांचा न्याय करता येत नाही.

सोनीच्या एफएक्स ३ सारख्या कॅमेऱ्यांत एकाच स्लॉटमध्ये एसडी आणि टाइप ए दोन्ही बसतात, ही सोय चांगली आहे. पण दोन्ही स्लॉटांत एकाच वेळी रेकॉर्ड करायचं असेल तर संथ कार्डाच्या कुवतीपलीकडे जाता येत नाही. एका स्लॉटात घोडा आणि दुसऱ्यात खेचर बांधून उपयोग नाही, जोडी सारखीच घ्या. कार्ड भरल्यावर दुसऱ्यावर जाणारं रिले रेकॉर्डिंग सोयीचं असतं खरं, पण जे दृश्य पुन्हा घडणार नाही तिथे मी दुहेरीच लावतो.

क्षमतेवर वाद होतील. माझं मत मध्यम आकाराच्या बाजूने. ४०० मेगाबिटला १२८ जीबी सुमारे ४२ मिनिटं चालतं, आणि मला ते पुरेसं वाटतं. प्रचंड कार्ड घेतलं की दिवसभराचं काम एकाच तुकड्यावर विसंबतं.

बांधणीकडेही बघा. एसडी कार्डाच्या संपर्कपट्ट्यांमधल्या बारीक प्लॅस्टिकच्या कडा तुटतात आणि तुकडा स्लॉटात अडकतो. लॉकची सरकपट्टी हा तर निव्वळ देखावा: कार्डाच्या आतल्या सर्किटला ती जोडलेलीच नसते, पट्टी कुठे आहे ते कॅमेरा किंवा रीडर पाहतो. ती ढिली झाली की कार्ड उगाच लॉक दिसतं. सोनीच्या टफ मालिकेतल्या एसडी कार्डांत या कडा आणि ही पट्टी दोन्ही काढून टाकल्या आहेत, आणि ती कल्पना मला पटते. मायक्रोएसडी ॲडॉप्टरमध्ये घालून मुख्य कॅमेऱ्यात वापरणं मी बंद केलं. बिघडू शकणारा आणखी एक सांधा कशाला?

पेटीतल्या प्रत्येक कार्डावर आता क्रमांक आहे आणि वहीत त्याचं पान: खरेदी, चाचणीचा आलेख, कोणत्या कॅमेऱ्यात, कधी काय त्रुटी. कारण सापडत नसलेली त्रुटी एकदा जरी आली तरी संशयाचा फायदा कार्डाला द्यायचा नाही, त्यावर लाल पट्टी लावून ते बाजूला. त्याआधी रीडर आणि केबल मात्र बदलून पाहायची, कारण सैल केबलही हुबेहूब मरणाऱ्या कार्डासारखं वागते. प्रत करताना चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) पडताळणारं सॉफ्टवेअर वापरलं की हा घोळ लगेच उघडा पडतो. एक्सएक्सहॅश ही चेकसमची पद्धत पुरेशी वेगवान आहे, त्यामुळे वेळ जातो ही सबबही उरत नाही.

सध्याची मांडणी अशी: ४०० मेगाबिटला व्ही ६० ची सारखी जोडी, ६०० ला आणि जड स्लो मोशनला व्ही ९०. टाइप ए ची गार खोलीतली चाचणी समाधानकारक झाली. उन्हात बंद पिंजऱ्यात ठेवलेल्या कॅमेऱ्यातली सलग चाचणी बाकी आहे, तिचा आलेख पुढच्या नोंदीत. तुमच्यापैकी कुणी ती आधीच केली असेल तर कोडेक, सभोवतालचं तापमान आणि कार्ड किती भरल्यावर वेग उतरला, एवढं तरी कळवा.