माय मरो, मावशी जगो

भाचा दीड महिना हिमाचलात आहे. नोकरी सोडून 'स्वतःला शोधायला' गेलाय. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "मावशी, दोन हजार टाकतेस? आईला सांगू नकोस." टाकले. मग झोप उडाली ती उडालीच. उठून कपाटातलं जॅक केरुआकचं 'ऑन द रोड' काढलं, अमेरिकाभरच्या भटकंतीची ती कादंबरी. हे खूळ त्याच्या डोक्यात घालणारी मीच, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. विशीत मीही ते उशाशी घेऊन झोपायचे. माझी मजल मात्र लोणावळ्यापुढे गेली नाही.

केरुआक, ॲलन गिन्सबर्ग, विल्यम बरोज या लेखकांची 1944 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गाठ पडली. महायुद्ध संपलं, अमेरिकेत घरं, गाड्या, फ्रिज यांची सुगी आली आणि या पोरांना त्यात काही राम दिसेना. त्यांच्या पिढीला नाव पडलं 'बीट', म्हणजे दमलेले, पार पिचलेले. 1951 च्या एप्रिलमध्ये केरुआकने कागदाला कागद चिकटवून सुमारे 120 फुटांची गुंडाळी केली, टाइपरायटरला लावली आणि तीन आठवड्यांत कादंबरी बडवून काढली. दर पानाला कागद बदलायचा खोळंबा नको म्हणून हा खटाटोप. छापून यायला मात्र 1957 उजाडलं. गुंडाळीची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्या रात्री भलतंच काही दिसत होतं.

कादंबरीचा नायक सॅल आपल्या 'आंट'कडे राहतो. इंग्रजीचं बरं असतं, एका शब्दात सगळं गणगोत उरकतं. पण आपल्याला पेच पडतो ना! ही कोण? आत्या, मावशी, काकू की मामी? सॅलला ती फारसं टोचून बोलत नाही, म्हणून आत्या नसावी असं मी ठरवून टाकलं होतं. (आत्यांनी क्षमा करावी.) पुढे कळलं की ती यातली कोणीच नाही. ती केरुआकची सख्खी आई, गॅब्रिएल. 1946 मध्ये वडील गेले. जाताना लेकाकडून वचन घेतलं, आईला सांभाळ. प्रत्यक्षात आई बुटांच्या कारखान्यात राबायची आणि लेक घरी लिहीत बसायचा. पुस्तकात तिची 'आंट' झाली. आपली म्हण इतकी शब्दशः कोणी अमलात आणली नसेल.

गिन्सबर्गचं तसं नाही. त्याची आई नेओमी मनोरुग्णालयात वारली. तिच्यावर त्याने 'कॅडिश' ही लांबच लांब कविता लिहिली, तीही नावानिशी. त्या बाबतीत मला तोच जास्त धीट वाटतो.

तरी केरुआकवर रागावता येत नाही, ते पहिल्या भागाच्या शेवटामुळे. सॅल अख्खा देश पालथा घालून टाइम्स स्क्वेअरला पोचतो, तेव्हा घरी जायला बसभाड्याची चिल्लरही खिशात नसते. कोपऱ्यावरच्या एका ग्रीक धर्मगुरूकडे हात पसरतो. तो नजर चुकवत पाव डॉलर देतो. घरी येऊन सॅल बर्फाच्या पेटीत असेल नसेल ते सगळं फस्त करतो. आंट उठते, त्याच्याकडे बघते, म्हणते, किती वाळलास रे. मग त्यानेच मध्यंतरी पाठवलेल्या पैशांतून विजेवर चालणारा नवा फ्रिज घ्यायचं दोघं ठरवतात. घराण्यातला पहिला!

तिच्या हातात एक काम चालू असतं. घरातल्या सगळ्यांच्या वर्षानुवर्षांच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून ती जमिनीवर पसरायला एक भलीमोठी सतरंजी करत असते. विशीत हे वाक्य माझ्या नजरेतून कसं निसटलं कोण जाणे. तेव्हा मी गाड्यांचे वेग मोजत होते.

सकाळी ताईचा फोन आला. "पैसे मागितले का गं त्याने तुझ्याकडे?"

"छे," मी म्हटलं.

"माझ्याकडे मागितले. म्हणाला, मावशीला सांगू नकोस."