डार्विनने वॉलेसची कल्पना चोरली का?

उत्क्रांतीवर कुठेही बोलले, कॉलेजात असो की गावच्या वाचनालयात, शेवटी कोणीतरी हात वर करतंच: ‘मॅडम, डार्विनने वॉलेसची कल्पना ढापली म्हणतात, ते खरं का?’ दोन मिनिटांत यावर धड बोलता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देते. नाही, चोरली नाही.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून 1858 मध्ये डार्विनच्या घरी आजच्या इंडोनेशियातल्या मलुकू बेटांतल्या तर्नाते गावाहून एक टपाल आलं. आल्फ्रेड रसेल वॉलेस या पस्तीस वर्षांच्या निसर्गअभ्यासकाने आपला निबंध वाचायला पाठवला होता. ज्यांचे छोटे फरक जगायला उपयोगी पडतात ते टिकतात आणि त्यातून हळूहळू नव्या प्रजाती घडतात, या नैसर्गिक निवडीच्या ज्या सिद्धांतावर डार्विन वीस वर्षं काम करत होता आणि जो त्याने अजून छापला नव्हता, तोच त्या निबंधात काही पानांत मांडलेला होता. डार्विन हादरला. त्याचे मित्र लायेल आणि हूकर यांनी तोडगा काढला, आणि 1 जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत, डार्विनचं जुनं लेखन आणि वॉलेसचा निबंध एकत्र वाचले गेले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात डार्विनचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

संशय घेणारे टपालाच्या तारखांवर बोट ठेवतात. डार्विन म्हणतो, निबंध 18 जूनला मिळाला. पण वॉलेसने मार्चच्या सुरुवातीला तर्नातेहून लिहिलेलं दुसरं एक पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडात पोचलं होतं. मग निबंध दोन आठवडे कुठे होता? डार्विनने तो दडवून त्यातलं उचललं का? 2012 मध्ये दोन अभ्यासकांनी बोटींची वेळापत्रकं धुंडाळून याचा उलगडा केला. निबंधासोबतचं पत्र डार्विनच्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेलं होतं, आणि डार्विनचं ते पत्र तर्नातेला पोचलंच मुळी मार्चच्या बोटीने. म्हणजे उत्तर निघालं ते एप्रिलच्या बोटीने, आणि ती बोट धरली की जूनचा मध्यच येतो. मला हे पटतं. शिवाय डार्विनचं 1842 चं टिपण, 1844 चा दोनशेहून अधिक पानांचा मसुदा आणि सप्टेंबर 1857 मध्ये अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेलं पत्र, हे सगळं त्या टपालाच्या आधीचं आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि खटकत राहणार. वॉलेसला कोणी विचारलं नाही. विचारायला पत्र धाडलं असतं तर उत्तर यायला सहा महिने गेले असते, हे कबूल. पण त्याचा निबंध त्याच्या परवानगीविना वाचला गेला, आणि तोही डार्विनच्या मजकुरानंतर. त्या दिवशी वॉलेस न्यू गिनीच्या किनाऱ्यावर डोरे इथे होता. डार्विनही सभेला नव्हता; त्याचं तान्हं मूल तीन दिवसांपूर्वीच गेलं होतं.

पण चोरीच्या प्रश्नात वॉलेस फक्त लुबाडला गेलेला माणूस म्हणून उरतो, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. त्याला हे सुचलं कसं, हे कोणी विचारत नाही. ते त्याच्या प्रवासात आहे. नेमकं सांगायचं तर त्या प्रवासाचा खर्च कसा भागायचा, यात आहे.

डार्विनच्या बीगल जहाजावरच्या पाच वर्षांच्या प्रवासाचा खर्च वडिलांनी केला. वॉलेसची शाळा पैशापायी चौदाव्या वर्षी सुटली. भावाच्या हाताखाली जमीनमोजणी केली, काही काळ लेस्टरमध्ये मास्तरकी केली. तिथे हेन्री बेट्स भेटला, त्याच्यामुळे भुंगेरे गोळा करायचं वेड लागलं. 1847 मध्ये त्याने बेट्सला लिहिलं की जीवांचं एखादं कुळ घेऊन त्याचा कसून अभ्यास करावा, आणि तो मुख्यतः प्रजातींचा उगम कसा होतो हे शोधण्यासाठी. खिशात पैसे नाहीत, पदवी नाही, आणि प्रश्न हा! पुढच्या वर्षी दोघे ॲमेझॉनला निघाले. लंडनचा एजंट सॅम्युअल स्टीव्हन्स नमुने विकणार, आणि त्या पैशावर हे जंगलात राहणार, असा तो बेत होता.

विकायचं असेल तर एका जातीचा एक नमुना पुरत नाही. ग्राहक अनेक असतात, म्हणून एकाच फुलपाखराचे वीस-तीस हवेत. आता कल्पना करा: तंबूत दिव्याच्या उजेडात एकाच जातीची तीस फुलपाखरं समोर मांडलेली आहेत आणि त्यांतली कोणतीही दोन तंतोतंत सारखी नाहीत. संग्रहालयात एक ‘आदर्श’ नमुना बघणाऱ्याला हा फरक किरकोळ दोष वाटतो. वॉलेसला तो रोज दिसत होता. नैसर्गिक निवडीला लागणारा कच्चा माल त्याला धंद्याने पुरवला.

धंद्याची दुसरी देणगी म्हणजे चिठ्ठी. नमुना नेमका कुठे धरला, हे लिहायची शिस्त. 1852 मध्ये ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचताना त्याने तक्रार केली की संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘दक्षिण अमेरिका’ किंवा ‘ब्राझील’ लिहिलेलं असतं. त्याला दिसलं होतं की नदीच्या या काठावर एक माकड आणि पलीकडे त्याचाच चुलतभाऊ असू शकतो. मोठी नदी ही काही जातींची हद्दच असते. हे लिहिताना त्याच्या हाती फार थोडं उरलं होतं. परतताना जहाजाला भर समुद्रात आग लागली, संग्रहाचा मोठा भाग जळाला, आणि तो दहा दिवस उघड्या होडीत होता. धाकटा भाऊ हर्बर्ट आदल्या वर्षी ब्राझीलमधल्या पारा शहरात पिवळ्या तापाने गेला होता. स्टीव्हन्सने मालाचा दोनशे पौंडांचा विमा उतरवला होता म्हणून निभावलं.

तरी दोन वर्षांत तो पुन्हा निघाला. एप्रिल 1854 मध्ये सिंगापूर, आणि तिथून आठ वर्षं मलाय द्वीपसमूह, म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाची बेटं. एकूण नमुने 1,25,660, त्यांतले 83,200 भुंगेरे. हे त्याचे एकट्याचे नाहीत. बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा अली हा तरुण स्वयंपाकी म्हणून आला आणि बंदूक चालवण्यात, पक्षी सोलण्यात तरबेज झाला. बाचान बेटावर वॉलेसच्या नावाने ओळखला जाणारा बर्ड ऑफ पॅराडाइज हा पक्षी मिळाला तो अलीच्या हातून. 1907 मध्ये टॉमस बार्बर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाला तर्नातेत एक म्हातारा भेटला, तो म्हणाला, मी अली वॉलेस. शोधाची गोष्ट सांगताना डार्विन-वॉलेस यांच्यात वाटणी करणारे आपण अलीचं नाव क्वचितच घेतो.

1856 मध्ये वॉलेस बालीहून लोम्बोकला गेला. मधली सामुद्रधुनी जेमतेम 35 किलोमीटर. बालीत त्याला सुतारपक्षी आणि तांबट दिसले. तांबट म्हणजे आपल्या वड-पिंपळावर टुक-टुक करतो त्याचंच गोत. लोम्बोकला उतरला तर त्याला ते दिसेनात, आणि झाडांवर पांढरे काकाकुवा! हवामान सारखं, डोंगर सारखे, आणि पक्षी एकीकडे आशियाचे, दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचे. परिस्थितीला शोभेल असा जीव तिथे घडवला गेला, हे उत्तर इथे कोलमडतं. जमिनीचा इतिहास बघावा लागतो: हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा बाली जावाला जोडलं गेलं, लोम्बोक मात्र खोल पाण्यापलीकडेच राहिलं. या हद्दीला आज वॉलेस रेषा म्हणतात.

त्याच्या आदल्या वर्षीच सारावाकमध्ये पावसात अडकून पडला असताना त्याने लिहून ठेवलं होतं की प्रत्येक नवी प्रजाती आधीच्या जवळच्या प्रजातीच्या शेजारी, स्थळाने आणि काळानेही, अस्तित्वात येते. हा निबंध कोलकात्यात एडवर्ड ब्लाइथने वाचला. तो तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. त्याने डार्विनला पत्र लिहून त्याकडे लक्ष वेधलं. डार्विनने तेव्हा तो फारसा मनावर घेतला नाही.

मग फेब्रुवारी 1858 चा तो हिवताप. थंडी-तापाच्या फेऱ्यांत वॉलेसला फार पूर्वी वाचलेला माल्थस आठवला, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं सांगणारा अर्थतज्ज्ञ. निबंधात त्याने हिशोब मांडला की पक्ष्यांच्या एका जोडीची, अडथळा नसेल तर, पंधरा वर्षांत जवळपास एक कोटी पिल्लावळ होईल. तशी होत नाही, म्हणजे दरवर्षी प्रचंड संख्येने मरतात. जगतात कोण? त्या तीस फुलपाखरांतले फरक इथे कामाला आले. डार्विन पाळीव कबुतरांपासून सुरुवात करतो; वॉलेस पाळीव प्राण्यांवरून रानातल्यांबद्दल अनुमान काढू नका, असं बजावतो. दोघे एका जागी पोचले, पण वाटा वेगळ्या होत्या.

पुढे मतभेदही झाले. 1869 मध्ये माणसाचा मेंदू निवडीने घडला नसावा असं वॉलेस म्हणू लागला, तेव्हा ‘तुमच्या-माझ्या बाळाचा (म्हणजे सिद्धांताचा) पुरता खून केला नसेल ही आशा’ अशा अर्थाचं डार्विनने त्याला लिहिलं. या वादात माझ्या मते डार्विन बरोबर होता. पण वॉलेस तंगीत असताना सरकारकडून वर्षाला दोनशे पौंडांचं पेन्शन मिळावं म्हणून खटपट केली तीही डार्विननेच, 1881 मध्ये.

वॉलेसने स्वतः कधी तक्रार केली नाही. 1908 मध्ये लिनियन सोसायटीत त्या वाचनाची पन्नाशी साजरी झाली, तेव्हा पंचाऐंशी वर्षांचा वॉलेस म्हणाला की श्रेयाची वाटणी दोघांनी दिलेल्या वेळेच्या प्रमाणात व्हावी: डार्विनची वीस वर्षं, माझा एक आठवडा. हे मात्र मला मान्य नाही. बेट्सला लिहिलेलं पत्र 1847 चं आहे आणि तर्नातेचा निबंध 1858 चा. मधली अकरा वर्षं, जळालेलं जहाज, गमावलेला भाऊ, हजारो चिठ्ठ्या, हे सगळं त्याने हिशोबातून वगळलं. मी ते धरते.