दोघांचीही वेळ १:४५.००

सोची ऑलिंपिकमध्ये १५ फेब्रुवारी २०१४ रोजी अ‍ॅडलर अरीनात झालेली पुरुषांची १५०० मीटर स्पीड स्केटिंगची शर्यत मी आजवर किती वेळा पाहिली, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. निकाल पाठ असूनही ती पुन्हा पाहावीशी वाटते आणि दर वेळी नजर एकाच क्षणावर खिळते. नेदरलँड्सचा कून फरवाय अंतिम रेषा पार करतो, निकालफलकावर १ मिनिट ४५.०० सेकंद ही वेळ उमटते, आणि पोलंडच्या झ्बिग्न्येव ब्रुत्काने त्याच्या आधी धावून नोंदवलेली वेळही नेमकी तेवढीच असते. मग दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक पाहिला जातो. ब्रुत्का १:४५.००६, फरवाय १:४५.००९. सुवर्णपदक पोलंडला मिळते.

तीन सहस्रांश सेकंद म्हणजे किती, हे अंतरात मांडले तरच डोळ्यांसमोर येते. या शर्यतीतला सरासरी वेग सेकंदाला साधारण १४ मीटर असतो. त्या हिशेबाने दोघांमधले अंतर जेमतेम चार सेंटीमीटर भरते, म्हणजे स्केटच्या पात्याच्या लांबीचा सुमारे दहावा भाग. दीड किलोमीटर धावून झाल्यावर उरलेले हे अंतर आहे.

१५०० मीटरची शर्यत अंगाची किती परीक्षा पाहते, हे तिच्या रचनेतूनच समजते. ४०० मीटरच्या मार्गावर पहिले ३०० मीटर आणि त्यानंतर तीन पूर्ण फेऱ्या, असा तिचा हिशेब असतो. दोन स्पर्धक एका वेळी धावतात, एक आतल्या आणि एक बाहेरच्या मार्गिकेत, आणि दोघांनी कापायचे अंतर समान राहावे म्हणून ते प्रत्येक फेरीत ठरलेल्या सरळ भागावर मार्गिका बदलतात. ५०० मीटरसारखा सगळा जोर एकदम ओतून येथे चालत नाही, आणि ५००० मीटरसारखी एक लय धरून ती अखेरपर्यंत सांभाळण्याची सवलतही येथे नाही. पहिले ३०० मीटर २३-२४ सेकंदांत संपवणारा स्केटर पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा हळू पुरी करतो, आणि ही घसरण सगळ्यांचीच होत असल्यामुळे शर्यत जिंकतो तो सर्वांत कमी मंदावणारा. शेवटच्या फेरीत मांड्या पेटलेल्या असतात, गुडघे सरळ होऊ पाहतात आणि शरीर जरा वर उठले की हवेचा विरोध लगेच वाढतो. फरवायच्या शेवटच्या वळणानंतरचे शंभर मीटर मी पाहतो, तेव्हा ते चार सेंटीमीटर नेमके कुठे गेले हे शोधण्याचा मोह होतो. पण ते कोणत्याही एका पावलात सापडत नाहीत.

ब्रुत्का वोविच या गावातल्या अग्निशमन दलात नोकरीला होता. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये याच अंतरात तो पहिल्या पंचवीसातही नव्हता. २०१२-१३च्या हंगामात मात्र त्याने १५०० मीटरचा विश्वचषक एकूण गुणांवर जिंकला होता, त्यामुळे त्याला केवळ नशीबवान ठरवणे अन्यायाचे होईल. त्या काळात पोलंडमध्ये ४०० मीटरचे एकही बंदिस्त मैदान नव्हते. तोमाशुफ माझोव्येत्स्की येथे असे पहिले मैदान उभे राहिले ते २०१७ साली. आपल्या देशात छपराखालचा बर्फ नसताना या माणसाने ऑलिंपिकमधले पोलंडचे स्पीड स्केटिंगचे पहिले सुवर्ण मिळवले, याचे मला फार मोल वाटते.

समोर होता तो नेदरलँड्सचा संघ, ज्याने सोचीत स्पीड स्केटिंगची ३६ पैकी २३ पदके नेली. पुरुषांच्या ५००, १०००, ५००० आणि १०००० मीटरचे सुवर्ण त्यांचे, सांघिक पाठलागाचेही, म्हणजे तिघांच्या संघांच्या शर्यतीचेही, त्यांचेच. पुरुषांमध्ये त्यांच्या हातून निसटलेली एकमेव शर्यत ही १५०० मीटरची. कॅनडाच्या डेनी मॉरिसनने १:४५.२२ वेळेत कांस्य मिळवले. याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये या अंतराचे रौप्य मिळवलेला आणि १:४१.०४ हा त्या वेळचा विश्वविक्रम नावावर असलेला अमेरिकेचा शानी डेव्हिस अकरावा आला. अर्थात तो विक्रम सॉल्ट लेक सिटीच्या उंचावरच्या विरळ हवेतला होता आणि सोचीचे मैदान समुद्रकिनारी होते, त्यामुळे त्या दोन वेळांची थेट तुलना करणे योग्य नाही.

आता मला मनापासून वाटते ते लिहितो. हे सुवर्णपदक दोघांना द्यायला हवे होते.

हा विचार नवा नाही, आणि याच अंतराच्या इतिहासात त्याला भक्कम आधार आहे. १९५६ साली कोर्तिना ऑलिंपिकची १५०० मीटरची शर्यत मिझुरिना सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावर झाली, तेव्हा सोव्हिएत संघाचे येव्गेनी ग्रिशिन आणि युरी मिखाइलोव्ह या दोघांनीही २:०८.६ ही वेळ नोंदवली आणि दोघांनाही सुवर्ण मिळाले. चार वर्षांनी स्क्वॉ व्हॅलीत तोच ग्रिशिन आणि नॉर्वेचा रोआल्ड ओस यांची वेळ २:१०.४ अशी सारखीच आली, आणि पुन्हा दोन सुवर्णपदके दिली गेली. तेव्हा वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंतच धरली जात होती, हे खरे. पण अधिक बारीक मोजता येते म्हणून अधिक बारीक निवाडा करावाच, असे त्यातून सिद्ध होत नाही.

पोहण्याच्या खेळाने हा धडा १९७२ साली घेतला. म्युनिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत, म्हणजे चार प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीत, स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला दोन सहस्रांश सेकंदांनी हरवले. तलावाच्या प्रत्येक मार्गिकेची लांबी तेवढ्या अचूकतेने सारखी बांधता येत नाही, हे ओळखून पुढे पोहण्यातले निकाल शतांशावर थांबवण्यात आले आणि वेळ सारखी आली की पदक वाटून देण्याची पद्धत रुळली.

स्केटिंगमध्ये अंतिम रेषा सर्वांसाठी एकच असते, म्हणून तलावाचा आक्षेप येथे तसाच लागू होत नाही, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. घड्याळाविषयी माझी तक्रार नाही. माझा आक्षेप इतकाच आहे की ब्रुत्का आणि फरवाय एकाच वेळी बर्फावर नव्हतेच. प्रत्येक जोडीच्या पात्यांनी बर्फ ओरखडला जातो, मधून मधून तो यंत्राने नव्याने गुळगुळीत केला जातो, आणि मार्गिका बदलताना सोबतच्या स्पर्धकाच्या मागे क्षणभर मिळणारा हवेचा आडोसा एकाला लाभतो, दुसऱ्याला लाभत नाही. हे सारे फरक चार सेंटीमीटरपेक्षा मोठे असू शकतात. अशा शर्यतीत ०.००३ सेकंद हा आकडा अचूक असला, तरी श्रेष्ठ कोण हे सांगण्याइतके बळ त्याच्या अंगी आहे असे मला वाटत नाही.

ब्रुत्काच्या यशातून यामुळे काहीही वजा होत नाही. त्याने मिळवलेले पदक त्याचेच राहावे, आणि तसलेच दुसरे फरवायच्या गळ्यात पडावे, एवढेच माझे म्हणणे आहे. पदक स्वीकारताना फरवायचा चेहरा पडलेला होता. आठवडाभराने सांघिक पाठलागात हे दोघे पुन्हा पदकांच्या मंचावर आले. नेदरलँड्सने सुवर्ण जिंकले, पोलंडने कांस्य, आणि त्या दिवशी फरवाय सर्वांत वरच्या पायरीवर स्वेन क्रामर आणि यान ब्लॉकहाउझनच्या शेजारी उभा होता.