टोपणभर मीठ

त्या आठवड्यात कोल्हापुरात एकच विषय होता, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पाणी ३७ वर गेलं त्या सकाळी एक सेल्समन पोरगं निथळत माझ्या राजारामपुरीतल्या दुकानात शिरलं. रेनकोटाच्या आत पोटाशी धरलेला खोका, त्यात पाच सिगारी.

"काका, निकाराग्वाचा माल. हातानं वळलेला, लाँग फिलर, म्हणजे आत चुरा नाही, अख्खी पानं. साडेसहाशेला बसतीय. हॉटेलचे मालक म्हणाले, तुम्ही हो म्हटलं तरच घेणार."

मालकांचा माझ्यावर भरवसा, कारण मी निपाणीच्या वखारीत १९ वर्षं विडीच्या तंबाखूची पारख केली. चिमूट तळहातावर चोळायची, हुंगायची, जिभेवर टेकवायची, भाव बोलायचा. सिगारचं कपाट मात्र तीन वर्षांचंच. गिऱ्हाईक बरंचसं फोटोपुरतं. एक महाशय तर महागाची सिगार फ्रीजमध्ये पनीरशेजारी ठेवायचे आणि कोरडी पडली म्हणून माझ्याशी भांडायचे.

माझ्या कपाटातला आर्द्रतेचा मीटर ६७ दाखवत होता. ६५ ते ७० मध्ये माल खूश असतो. पाचही सिगारी रात्रभर आत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवण करून मागच्या पडवीत बसलो. उपाशीपोटी सिगार ओढू नये, निकोटीन चढलं की दरदरून घाम फुटतो. मी गुळाचा खडा जवळच ठेवतो. धूर तोंडात घोळवून सोडायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. पण म्हणून तोंडाचा कॅन्सर चुकतो, असं जे गिऱ्हाईक मला समजावतं, त्याला मी खोक्यावरचं चित्र दाखवतो.

दिसायला सिगार देखणी होती. पाच इंच लांब, ५० गेज, म्हणजे इंचाचे ५० चौसष्टांश जाड. रॅपरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पानाला, तुपकट तकाकी, शिरा बारीक. बुडाकडून तोंडाकडं अंगठ्यानं दाबत गेलो. कुठं पोकळ नाही, कुठं गाठ नाही, पण अंग जरा फुगीर आणि मऊ. इथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. टोपी कापली, न पेटवताच एक झुरका घेतला, तर बंद नळीतून हवा ओढल्यासारखं झालं. पेटवल्यावर दम येईना, म्हणजे धूर नीट ओढलाच जाईना. एका अंगानं जळायची, दुसरं अंग तसंच. तीनदा विझली. अर्ध्यावर कडू, डांबरासारखी.

संध्याकाळी मालकांचा फोन आला तेव्हा पोरगं समोरच उभं होतं.

"नको, मालक. दम नाही, कडू आहे. आत काडी राहिलेली दिसतीय."

पोरगं म्हणालं, "काका, अजून एक ओढून बघा की."

"अरे, एका चिमटीत अख्ख्या पोत्याची जात कळती."

ते काही बोललं नाही. उरलेल्या चार माझ्याकडंच ठेवून गेलं.

पंधरा दिवसांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन महागड्या सिगारींवर पांढरी लव दिसली. बुरशी. मीटर अजूनही ६७ वरच ठाम! मग मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या टोपणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, नुसतं ओलसर होण्यापुरते. टोपण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर. ओल्या मिठाच्या हवेत आर्द्रता ७५ ला टेकते, त्यात इकडंतिकडं नाही. सकाळी माझा मीटर सांगत होता ६८. म्हणजे त्या रात्री कपाटात ६७ नव्हते, ७४ च्या घरात होते. आधीच पावसातून आलेला माल मी आणखी भिजवला. ओली पानं फुगतात, वाट आवळतात, नीट जळत नाहीत, कडवटतात. वखारीत ओल्या पोत्याला मी कधी भाव बोललो नव्हतो. मिठाची परीक्षा मांडायला पाच मिनिटं लागतात, आणि तीन वर्षांत मी ती केली नव्हती.

चारांतली एक पात्यानं उभी चिरली. अख्खी पानं, पंख्यासारखी दुमडून लांबीभर घातलेली, मधोमध जाड काळपट पान. काडी कुठंच नव्हती. फोनवर ती मी मनानंच घातली होती. वळणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

उरलेल्या तीन, आर्द्रता ६५ वर धरणाऱ्या पुडीसोबत हवाबंद डब्यात घातल्या. महिन्यानं, ऊन पडल्यावर, एक पेटवली. दम मोकळा. पहिल्या झुरक्यात जरा मिरी, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंगपणा, शेवटच्या इंचाला थोडी तिखट. राख इंचभर धरून राहिली, पांढुरकी, घट्ट. फार खोल चव नाही, एका सुरात चालते. पण ६५० रुपयांत कुणी याहून काय मागावं? मी मालकांना फोन केला.

"आता कशाला? दुसऱ्यानं व्हॅनिलावाली दिलीय, मशीनची. पब्लिक खूश आहे."

मीटरवर चिठ्ठी चिकटवलीय, 'अधिक ७'. डब्यात दोन उरल्यात. पोराचा नंबर मोबाइलमध्ये आहे, दोनदा काढला आणि दोन्ही वेळा नुसता बघून ठेवून दिला.