पडद्यामागच्या क्लूवरून सिनेमा ओळखणे: वहीची नवी मांडणी

चित्रीकरणाच्या किस्स्यांचे क्लू देऊन सिनेमा ओळखायला लावायचा, असा हा खेळ; त्याच्या क्लूंची वही या टप्प्यात मी पुन्हा मांडली. आधी वर सिनेमाचं नाव आणि खाली त्याचे किस्से, असा क्रम होता. आता पानं अडचणींच्या नावाने आहेत: हवामान, पैसा, यंत्र, सेन्सॉर, नट, आवाज. खेळताना समोर सिनेमा नसतोच. समोर असतो तो कुणीतरी कधीतरी काढलेला तोडगा. हा तोडगा कोणत्या अडचणीवरचा, हे सापडलं की सिनेमा हाताशी येतो. नुसत्या पाठांतरापेक्षा हा रस्ता मला कितीतरी जास्त आनंद देतोय.

सोपं उदाहरण आधी. 'रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं' असा क्लू आला की निम्मे लोक लगेच 'सायको' म्हणून मोकळे होतात. थोडं थांबावं. तपकिरी सिरप रक्त म्हणून खपतं ते फक्त कृष्णधवल पडद्यावर. म्हणजे रंगीत सिनेमे एका फटक्यात बाद. पण १९६० चा 'सायको' उरतो तसाच १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ही उरतो, तिथेही सिरपच होतं. पुढचा क्लू 'सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला' असा निघाला, तर मग बेधडक 'सायको' म्हणावं.

यंत्राच्या पानावर सध्या माझा सगळ्यात लाडका क्लू आहे: 'पाट्यांवरची आणि गणवेशांवरची अक्षरं मुद्दाम उलटी रंगवली होती.' अक्षरं उलटी कोण रंगवेल? ज्याला चित्रणानंतर अख्खी चौकट आरशासारखी फिरवायची आहे तो. चौकट का फिरवायची? कारण जी बाजू दाखवायची ती बांधलेलीच नाही. इतकी प्रचंड वस्तू कोणती, की तिची एकच बाजू पुरी करणं परवडावं? जहाज! 'टायटॅनिक'साठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जवळपास खऱ्या आकाराचं जहाज उभारलं, पण पूर्ण केली ती उजवी बाजू. साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर तर जहाजाची डावी बाजू लागलेली होती. म्हणून निरोपाचं सगळं दृश्य उलटं चित्रित करून नंतर फिरवलं. गंमत म्हणजे याच सिनेमात आणखी एक चौकट फिरवलेली आहे, आणि तिचं कारण अगदी वेगळं. नायक नायिकेचं रेखाचित्र काढतो तेव्हा दिसणारा हात दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांचा आहे. ते डावखुरे, नायक उजव्या हाताने काढणारा. हे दोन क्लू एकाच फेरीत शेजारी ठेवले की सोडवणारा आधी दोन सिनेमे शोधत बसतो. मग दोन्ही धागे एका ठिकाणी येतात, तो क्षण पाहण्यासारखा असतो.

हवामानाच्या पानावर 'पथेर पांचाली'. 'एका दृश्याचा काही भाग एका वर्षी, उरलेला पुढच्या वर्षी चित्रित झाला' एवढंच सांगितलं तर लोक आजारपण, भांडण, पैसे असे अंदाज करतात. खरं कारण गुरं. काशाच्या फुलांचं शेत पुढच्या खेपेपर्यंत गुरांनी खाऊन टाकलं आणि फुलं परत यायला पुढचा हंगाम लागला. स्टुडिओच्या वेळापत्रकात बांधलेलं युनिट एवढं थांबलं नसतं. नवखी माणसं, अपुरा पैसा आणि तरीही त्याच फुलांचा हट्ट, हे सगळं या एका क्लूमध्ये आहे. म्हणून तो मला पुरस्कारांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

क्लू तयार करताना क्रमावर मी सर्वात जास्त मेहनत घेतोय. 'शोले'ची माळ आता अशी लावली आहे. पहिला क्लू: शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा लागला. दुसरा: बदल सेन्सॉरला हवा होता, आणि तेव्हा देशात आणीबाणी होती. इथे विचार सुरू होतो: कायदा हातात घेणारा कोण, आणि तो माजी पोलीस अधिकारी असला तर सरकारला किती खटकेल? तिसरा: दिवे मालवण्याच्या छोट्या दृश्यासाठी संध्याकाळचा ठरावीक उजेडच हवा होता, त्यामुळे ते कितीतरी दिवस चाललं. चित्रण झालं त्या रामनगरच्या खडकांचा क्लू सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर उरतं काय? डॅनी डेन्झोंग्पा यांना आधी गब्बरची भूमिका देऊ केली होती, तो किस्सा मी वगळला. तो इतका फिरलाय की त्याने विचार थांबतो.

खात्री न झालेला किस्सा वहीत घ्यायचा नाही, हा नियम कायम. 'द विझार्ड ऑफ ओझ'मध्ये मागे झाडाला माणूस लटकलेला दिसतो, ही अफवा अजून क्लू म्हणून फिरते. तो सेटवरचा मोठा पक्षी आहे. अशा क्लूने खेळाचा पायाच जातो.

नटांच्या पानावर फाळक्यांचे मूकपट आले आणि पान एकदम भरलं. 'नायक आणि नायिका दोन्ही भूमिका एकाच पुरुषाने केल्या.' ऐकणारा आधी कॅमेऱ्याच्या करामतीकडे जातो. पण मूळ अडचण कॅमेऱ्याची नाहीच. त्या काळी पडद्यावर काम करायला बायका मिळतच नव्हत्या. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झालेले अण्णा साळुंके पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) रामही झाले आणि सीताही. हा क्लू जुन्या मराठी नाटकांची माहिती असलेल्यांना लवकर सुटतो, कारण स्त्री-पार्टी नट त्यांच्या चांगलेच ओळखीचे असतात.

आवाजाचं पान अजून अर्धवट आहे. इथे मागे जाणं अवघड, कारण आवाजाचा उगम चित्रात कुठेच दिसत नाही. 'हत्तीची किंकाळी आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी' यातून 'स्टार वॉर्स'मधलं लढाऊ यान कोण ओळखणार? तरी 'प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर' हा क्लू आधी दिला तर तर्काला जागा मिळते: सतत गुणगुणणारी, हातात धरायची वस्तू कोणती? त्याच सिनेमातली प्रकाशाची तलवार, लाइटसेबर. पुढच्या फेरीत हाच क्रम लावून पाहणार आहे. तुमच्याकडे आवाजाचे पक्के, तपासलेले क्लू असतील तर तेही त्यात घेईन.